साबणातला मोगरा कुठे जातो?

शेजारच्या वहिनींनी परवा मला जिन्यातच गाठलं. अंबाबाईचं दर्शन करून आल्या होत्या, हातात पानात बांधलेले मोगऱ्याचे गजरे. म्हणाल्या, "तुम्ही घरी साबण करताय म्हणं. हीच फुलं कुस्करून घातली तर वास राहील का हो?" मी तोंड उघडणार तोवर दुसरी अट आली, "पण तेवढं कॉस्टिक-बिस्टिक नको बघा. केमिकल नसलेला पायजे."

दोन्हींचं उत्तर "नाही" असंच आहे. पण ते का, हे जिन्यात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून हे लिहिते आहे.

आधी कॉस्टिकचं बघू. कॉस्टिक सोड्याशिवाय साबणाची वडी होतच नाही. बाजारात साबणाचा तयार बेस मिळतो, तो वितळवायचा, रंग-वास घालायचा आणि साच्यात ओतायचा. त्यात आपण कॉस्टिक वापरत नाही, कारण ते दुसऱ्या कुणीतरी कारखान्यात आधीच वापरलेलं असतं. कॉस्टिक खरोखरच नको असेल तर रिठा आणि शिकेकाई आहेत. त्यांच्यातल्या सॅपोनिनमुळे फेस येतो, डोकंही स्वच्छ होतं, पण तो साबण नव्हे. मजेची गोष्ट अशी की नीट केलेल्या साबणाच्या वडीत शेवटी कॉस्टिक उरतच नाही. ते जातं कुठे, हे कळलं की पुढचं सगळं, अगदी मोगऱ्याचं कोडंसुद्धा, सुटतं.

गोठा डोळ्यांसमोर आणा. एक खुंटी आणि तिला बांधलेली तीन दावी. तेलाचा रेणू असा असतो. खुंटी म्हणजे ग्लिसरीन आणि दावी म्हणजे मेदाम्लं. कॉस्टिकचं काम एवढंच की खुंटीला मारलेल्या गाठी सोडवायच्या. गाठ सुटली की दाव्याच्या मोकळ्या टोकाला कॉस्टिकमधलं सोडियम चिकटतं, आणि तोच साबणाचा रेणू. त्याचं सोडियमवालं टोक पाण्याकडे ओढ घेतं, लांब शेपूट तेलकट मळाला धरते. अंगावरचा मळ पाण्याबरोबर जातो तो या दोन तोंडांच्या स्वभावामुळे. मोकळी झालेली खुंटी, म्हणजे ग्लिसरीन, वडीतच राहते. कारखान्यात साबण उकळून, मीठ घालून ते बरंचसं वेगळं काढतात. आपण काढत नाही. घरच्या साबणानं अंग कमी ओढल्यासारखं वाटतं त्यामागे हे एक कारण आहे.

एक गाठ सोडवायला कॉस्टिकचा एक रेणू लागतो आणि तो त्यातच संपतो. म्हणजे गाठी किती तेवढंच कॉस्टिक. कमी पडलं तर तेल उरेल, जास्त झालं तर कॉस्टिक उरेल आणि अंगाची आग होईल. इथे अंदाज चालत नाही. आपण पांढऱ्या रश्शात मीठ डोळ्यांनी घालणारी माणसं, पण साबणाला डोळे चालत नाहीत, वजनकाटा लागतो.

आता यात आणखी एक मेख आहे. सगळ्या तेलांची दावी सारख्या लांबीची नसतात. खोबरेल तेलाची आखूड (त्यातलं मुख्य मेदाम्ल बारा कार्बनचं), शेंगतेलाची लांब (अठरा कार्बनची). आखूड दावी असली की एका किलोत जास्त मावतात, म्हणजे गाठीही जास्त. म्हणून १ ग्रॅम खोबरेल तेलाला साधारण ०.१८३ ग्रॅम कॉस्टिक लागतं, शेंगतेलाला ०.१३६, एरंडेलाला ०.१२८ आणि कोकमाच्या तेलाला ०.१३५. "खोबरेल संपलं होतं म्हणून तेवढंच शेंगतेल घातलं" असं कुणी सांगितलं की माझ्या पोटात गोळा येतो तो यामुळे. तेल बदललं की कॉस्टिकचा आकडा बदलतो.

माझं नेहमीचं माप ५०० ग्रॅम तेलाचं आहे. खोबरेल २००, घाण्याचं शेंगतेल २००, कोकमाचं तेल ५० आणि एरंडेल ५० ग्रॅम. खोबरेलामुळे भरपूर फेस येतो आणि वडी टणक होते, पण एकटं असेल तर अंग कोरडं पडतं. शेंगतेल मवाळ आहे, वडीही मऊ करतं आणि लवकर खवट होतं, म्हणून त्याच्या जोडीला कोकम. टाचांच्या भेगांना लावायला घाटाखालून येतो तो पिवळट पांढरा गोळा, तोच. एरंडेलामुळे फेस टिकून राहतो.

आकडेमोड करा : ३६.६ अधिक २७.२ अधिक ६.७५ अधिक ६.४, म्हणजे जवळजवळ ७७ ग्रॅम कॉस्टिक. पण एवढं घालायचं नाही. पाच टक्के कमी करायचं, म्हणजे ७३ ग्रॅम. त्यामुळे थोडं तेल मुद्दाम उरतं आणि कॉस्टिक शिल्लक राहण्याची भीती जाते. ही सूट फक्त चार ग्रॅमची आहे हे लक्षात घ्या. एक लहान चमचाभर सुद्धा नाही. चमच्या-वाटीनं मोजायला गेलात तर पहिल्याच चुकीत ती संपते. तेलाचंही तेच. एक लिटर तेल म्हणजे एक किलो नव्हे, पिशवीवर बघा, ९१० ग्रॅम लिहिलेलं असतं. पाणीसुद्धा वजनानं घ्यायचं, कॉस्टिकच्या दुप्पट, १४६ ग्रॅम. ते डिस्टिल्ड असलेलं बरं. बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि बादलीला पांढरा थर बसतो हे आपल्याला माहीत आहे. त्या पाण्यातलं कॅल्शियम साबणाला धरून बसतं. ते वडीतच कशाला घालायचं?

कॉस्टिक हाताळताना

इथे मी जरा कडक होणार आहे. पोरं घरात नसताना करा. डोळ्यांना चष्मा (नंबरचा नव्हे, सगळीकडून बंद असलेला), हातात रबरी मोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, खिडकी उघडी. पाण्यात कॉस्टिक घालायचं, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही. उलटं केलंत तर ते एका जागी एकदम तापतं आणि उसळून बाहेर येतं. नीट केलंत तरी पाणी ८० अंशांच्या पुढे जातं, तेही गॅस न पेटवता. वाफ नाकात जाऊ देऊ नका.

जर्मलचं भांडं अजिबात नको. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं आणि हायड्रोजन वायू सुटतो, तो पेट घेतो. पितळेचं कल्हई केलेलंही नको, कल्हई विरघळते. स्टीलचं पातेलं किंवा जाड प्लास्टिकचा मग, ज्याच्या तळाशी त्रिकोणात ५ लिहिलेलं असतं, तो चालतो. काच नको, कधीतरी तडकते. ही भांडी परत स्वयंपाकात घ्यायची नाहीत.

अंगावर उडालं तर नळाखाली पंधरा-वीस मिनिटं धरायचं. "कॉस्टिक आहे ना, मग व्हिनेगर ओता" असं सांगणारे भेटतात, ते कातडीवर करू नका. आम्ल आणि अल्कली एकत्र आले की उष्णता निघते, आणि तोवर धुण्याची वेळही वाया जाते. डोळ्यात गेलं तर पाण्यानं धूत धूतच दवाखाना गाठायचा. आणि डबा. कॉस्टिकचे पांढरे तुकडे खडेमिठासारखे दिसतात. डब्यावर मोठ्या अक्षरात नाव लिहून तो स्वयंपाकघराच्या बाहेर, कुलुपात ठेवायचा. नळ तुंबल्यावर घालायची पुडी साबणाला चालत नाही, तिच्यात बऱ्याचदा इतरही काहीबाही असतं.

पुढची कृती सोपी आहे. तेलं एकत्र कोमट करायची, साधारण ४० ते ४५ अंश, म्हणजे कोकम विरघळलेलं राहतं. कॉस्टिकचं पाणी त्याच आसपास निवू द्यायचं, मग ते गाळणीतून तेलात ओतायचं आणि हँड ब्लेंडर थांबून थांबून फिरवायचा. त्याचा दांडा स्टीलचा आहे ना, बघून घ्या. थोड्या वेळात तेल-पाणी वेगळं दिसेनासं होतं आणि मिश्रण भज्याच्या पिठासारखं होतं. चमच्यातून सोडलेली धार वर उठून दिसते. यालाच ट्रेस म्हणतात. तेल फार थंड असेल तर कोकम गोठून खोटा ट्रेस दिसतो. डिसेंबरात सकाळी बाटलीतलं खोबरेल सुद्धा थिजतं तेव्हा हे हमखास होतं. असा साबण साच्यात ओतला की दुसऱ्या दिवशी वर तेल तरंगतं. खरा ट्रेस आला की मिश्रण घट्ट होण्याआधी, पातळ असतानाच, वास घालायचा. आणि खरी गंमत इथून सुरू होते.

वासाचं कसं असतं

साबण करणारी माणसं सगळ्यात जास्त फसतात ती वासात. कॉस्टिकचं गणित एकदा बसलं की बसलं. वास मात्र प्रत्येक वेळी वेगळा वागतो.

वहिनींचा मोगरा घेऊ. फूल कुस्करून कॉस्टिकमध्ये टाकलं की अर्ध्या तासात ते भिजलेल्या चहापत्तीसारखं तपकिरी होतं. वास जातो आणि राहतो तो ओल्या पाल्याचा दर्प. फुलात सुगंधी तेल असतं तेच इतकं थोडं की एक किलो काढायला शेकडो किलो फुलं लागतात, आणि मोगऱ्याचा वास उष्णतेत बिघडतो म्हणून तो बहुधा द्रावक वापरून काढतात. कनौजला डेग-भपक्याच्या जुन्या पद्धतीनं फुलांची वाफ चंदनाच्या तेलात धरतात, तेच खरं अत्तर. चंदनाचा भाव माहीत असलेला कुणी ते साबणात ओतणार नाही.

समजा, हौसेनं ओतलंच. तरी प्रश्न उरतो. मोगरा-जाईच्या वासातला मोठा वाटा एस्टर जातीच्या रेणूंचा असतो. एस्टर म्हणजे काय? तीच ती गाठ! तेलाच्या खुंटीला दावं ज्या प्रकारच्या गाठीनं बांधलेलं होतं, नेमकी त्याच प्रकारची. कॉस्टिकला ती तेलाची आहे की फुलाची हे कळत नाही. दिसेल ती गाठ ते सोडवत सुटतं, आणि गाठ सुटली की वास बदलतो. वहिनींचा मोगरा जातो तो असा. लॅव्हेंडरच्या तेलातही एस्टर भरपूर असतात, पण त्यातला बराच भाग तग धरतो, म्हणून लॅव्हेंडर साबणात थोडा मवाळ होऊन का होईना, राहतो. यावर एक साधी युक्ती आहे. वास शेवटी घालायचा, म्हणजे कॉस्टिक तोवर तेलाच्या गाठींमध्ये गुंतलेलं असतं.

दुसरे पाहुणे म्हणजे उडून जाणारे. संत्रं, मोसंबी, लिंबू यांचे वास हलके. साचा भरल्यावर साबण आतून स्वतःच तापतो, त्या उबेत ते निम्मे जातात आणि उरलेले पुढच्या महिनाभरात कपाटाला वास देऊन संपतात. त्यांना धरून ठेवायला एखादा जड वास लागतो. वाळा किंवा पॅचोली (एका झुडपाच्या पानांचं तेल). वाळ्याचं तेल महाग आहे, पॅचोली परवडते, तिचा मातकट वास काहींना आवडत नाही पण थोडी घातली तर ती मागे राहून काम करते. लिंबाची हौस असेल त्यांनी गवती चहाचं तेल घ्यावं, ते लिंबाच्या तेलापेक्षा खूप चांगलं टिकतं. पाचशे ग्रॅम तेलाला मी ६ ग्रॅम गवती चहा आणि ४ ग्रॅम पॅचोली घालते. गवती चहा याहून वाढवायचा मोह आवरा, त्यातलं सिट्रल काहींच्या कातडीला झोंबतं. एरवी बहुतेक वासांना तेलाच्या वजनाच्या तीन टक्क्यांपर्यंत जागा असते. "नैसर्गिक आहे, जास्त घातलं म्हणून काय होतंय" हे वाक्य मी फार ऐकलंय. दालचिनीचं तेलही नैसर्गिकच आहे, एक थेंब हाताला लावून बघा म्हणजे कळेल. नको, लावू नका.

तिसरे, तापट. लवंग, दालचिनी आणि फुलांचे बरेच कृत्रिम सुगंध. लवंगेतलं युजेनॉल स्वतः किंचित आम्लधर्मी आहे, त्यामुळे ते थेट कॉस्टिकशी बोलणी सुरू करतं आणि सगळी प्रक्रिया एकदम वेगानं धावते. माझ्या तिसऱ्या का चौथ्या साबणात मी वाटलं म्हणून लवंगेचं तेल घातलं आणि वर ब्लेंडर लावला. दहा सेकंदांत पातेल्यात साबणाचा दगड आणि त्यात रुतलेला ब्लेंडर. आमच्याकडे आत्या आल्या होत्या, त्या शांतपणे म्हणाल्या, "आता ह्याला खलबत्ता आण." वास घातल्यावर ब्लेंडर लावायचा नाही, चमच्यानं हलवायचं, हा धडा मला त्या दिवशी मिळाला.

व्हॅनिला असलेला कुठलाही सुगंध वडी तपकिरी करतो. पांढरा साबण हवा असेल तर व्हॅनिला विसरा, चॉकलेटी चालत असेल तर बिनधास्त घाला.

मग मोगऱ्याच्या वासाचा साबण करायचाच असेल तर? साबणासाठी म्हणून बनवलेला सुगंध घ्यायचा. तो बहुधा कृत्रिम असतो आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. घेताना दुकानदाराला नेमकं विचारायचं की कॉस्टिकमध्ये टिकतो का, साबण एकदम घट्ट करतो का, त्याचा रंग बदलतो का. उदबत्तीचा किंवा रूम फ्रेशनरचा सुगंध नको. छोट्या बाटलीतलं "अत्तर" म्हणून मिळतं तेही नको, ते कशात पातळ केलंय हे बाटलीवर नसतं. पहिल्यांदा शंभर ग्रॅम तेलाचाच साबण करून बघायचा. आणि ओतल्या दिवशीच्या वासावर काहीही ठरवायचं नाही. त्या दिवशी सगळ्याच साबणांना एक कच्चा, उग्र दर्प असतो. खरा वास महिन्यानं कळतो.

गूळ, हळद आणि आपला पावसाळा

कोल्हापुरात राहून साबणात गूळ घातला नाही असं कसं होईल? साखरेनं फेस वाढतो, म्हणून पाचशे ग्रॅम तेलाला एक लहान चमचा गूळ. तो कॉस्टिक घालण्याआधी थंड पाण्यात विरघळवून, गाळून घ्यायचा. कॉस्टिक पडलं की पाणी चटकन काकवीच्या रंगाचं होतं आणि जास्त तापतं, घाबरायचं नाही. पण गूळ घातलेला साचा टॉवेलात गुंडाळून ठेवू नका. तो आतून इतका तापतो की मधोमध फुगून फुटतो, कधी बाहेर वाहतो. दूध घालतानाही हेच, म्हणून ते आधी गोठवून घेतात.

हळदीबद्दल एक गैरसमज काढून टाकते. साबणावर हळद लावली आणि लाल झाली तर कॉस्टिक शिल्लक आहे, असं सांगतात. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, तसाच हा प्रकार. पण चांगला, मुरलेला साबणसुद्धा अल्कलीच असतो, त्याचा सामू ९ ते १० च्या दरम्यान. हळद त्यालाही लाल होणारच. कपड्यावरचा भाजीचा डाग साबण लावल्यावर लाल होतो तो काय कॉस्टिकनं? त्यापेक्षा ओलं बोट वडीवर घासून जिभेच्या टोकाला लावायचं. नुसती साबणाची चव लागली तर ठीक. बॅटरीचं टोक लावल्यासारखा झटका बसला तर ती वडी वापरायची नाही.

साचा म्हणून आइस्क्रीमचा रिकामा डबा बटर पेपर लावून पुरतो. एक-दोन दिवसांत वडी निघते, मोजे घालून कापायची. तोवर कॉस्टिकचं काम जवळजवळ संपलेलं असतं. मग पुढचे चार ते सहा आठवडे कशासाठी थांबायचं? पाणी उडण्यासाठी. पाणी गेलं की वडी टणक होते, बाथरूममध्ये विरघळून जात नाही आणि फेसही सुधारतो. दर आठवड्याला एक वडी काट्यावर ठेवायची. वजन उतरायचं थांबलं की झाला तयार.

पण आपल्याकडे जुलै-ऑगस्टला ते वजन उतरतच नाही. पंचगंगा घाट सोडून वर यायला लागली की हवेतच इतकं पाणी असतं की वडीतलं ग्लिसरीन ते ओढून घेतं आणि साबणाला घाम फुटतो. बारीक थेंब. साबण बिघडला म्हणून लोक टाकून देतात, पुसून पंख्याखाली ठेवला की पुरतं. वरची पांढरी पूड हा त्याहून वेगळा प्रकार आहे, कॉस्टिक आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळून धुण्याचा सोडा तयार होतो. ओल्या फडक्यानं निघून जाते. नारिंगी ठिपके आणि जुन्या तेलासारखा वास आला तर मात्र तेल खवट झालं. त्याला उपाय नाही, भांडी घासायला वापरा.

दिवाळीच्या पहाटे उटण्याबरोबर घरचा साबण हवा असेल तर गणपती झाल्या झाल्या ओतायला हवा. नाहीतर सरळ थंडीत करा, कोरडी हवा असते, काम सोपं जातं. नातेवाइकांना द्या, स्वतः वापरा. विकायचा विचार असेल तर अंगाचा साबण सौंदर्यप्रसाधनांमध्ये मोडतो, त्याला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, तो आधी.

वहिनींना मी गवती चहाच्या दोन वड्या दिल्या. गजरे त्यांनी माळले. आणि तो लवंगेचा दगड आत्यांनी खरंच फोडला, तुकडे महिनाभर सुकवले. अजून आमच्या बेसिनपाशी एक ओबडधोबड तुकडा आहे. मी आजवर केलेल्या साबणांपैकी सगळ्यात जास्त वास त्यालाच राहिलाय.